घरी ज्ञानेश्वरीचं पारायण: ओव्या मोजून आखणी, वाचन आणि समाप्ती

घरी बसवलेली बहुतेक पारायणं तेराव्या अध्यायावर अडतात. तो कसाबसा पार पडला तर अठराव्यावर अडतात. मग राहिलेलं "सावकाश वाचू" म्हणून बाजूला पडतं, आणि संकल्प अर्धवट राहिल्याची रुखरुख वर्षभर पुरते. यात श्रद्धा कमी पडत नाही. अठरा अध्याय आणि सात दिवस म्हटल्यावर आपण रोजचे अडीच-तीन अध्याय धरतो, आणि चूक तिथेच होते. पाचव्या अध्यायात १८० ओव्या आहेत, अठराव्यात १८१०. वाटणी ओव्यांवर केली तर नोकरी-घर सांभाळणाऱ्यालाही पारायण नीट पुरं करता येतं.

पुढे दिलेल्या पायऱ्या त्याच क्रमाने करा. पहिल्या तीन पायऱ्या पारायणाच्या आधीच्या आठवड्यातल्या आहेत. त्या गाळल्या की पुढचं सगळं कोलमडतं.

१. प्रत निवडा

पारायणाला मूळ ओव्यांची, मोठ्या टाइपाची प्रत घ्या. सार्थ प्रत अभ्यासाला उत्तम, पण पारायणाला नको. तीत प्रत्येक ओवीखाली अर्थ असतो, नजर वरखाली उड्या मारते, पानं तिपटीने उलटावी लागतात आणि लय तुटते. सार्थ प्रत जवळ असू द्या, तिचा उपयोग पाचव्या पायरीत आहे.

प्रतीत तीन गोष्टी पाहून घ्या. प्रत्येक ओवीला क्रमांक हवा. गीतेचे श्लोक त्या त्या जागी छापलेले हवेत. आणि शिवण अशी हवी की ग्रंथ उघडा ठेवल्यावर आपोआप मिटणार नाही. चिकटवलेल्या बांधणीची जाड प्रत पहिल्या आणि शेवटच्या अध्यायांत सतत मिटते, एक हात तिला दाबण्यात अडकतो.

> तपासा: घरात एकाहून जास्त जण एकत्र वाचणार असतील तर सगळ्यांकडे एकाच प्रकाशनाची प्रत हवी. पाठभेदांमुळे शब्द बदलतात, एखाद-दुसरी ओवी कमी-जास्त असते, आणि मग एक जण पुढे, एक मागे असं होतं.

२. स्वतःचा वेग मोजा

हे पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. सहावा किंवा तेरावा अध्याय उघडा, घड्याळ लावा आणि १०० ओव्या मोठ्याने, स्पष्ट वाचा. पहिल्या अध्यायावर ही चाचणी घेऊ नका. सुरुवातीच्या ओव्या कानावरून गेलेल्या असतात, त्यामुळे वेग फसवा येतो. मनातल्या मनात वाचूनही मोजू नका.

सराव असलेला माणूस मिनिटाला ६ ते ७ ओव्या न धावता वाचतो. त्या हिशेबाने सगळा ग्रंथ २१ ते २५ तासांचा होतो. पहिल्यांदाच वाचणाऱ्याला मिनिटाला ४ ते ५ ओव्या जमतात, म्हणजे ३० ते ३८ तास. हा आकडा कमी आला म्हणून वाईट वाटून घेऊ नका. दिवस वाढवा, वेग वाढवू नका.

३. दिवसांची वाटणी करा

अध्यायवार ओव्या अशा आहेत. प्रतीप्रमाणे एखाद-दुसऱ्या ओवीचा फरक पडेल, आखणीला त्याने काही बिघडत नाही.

पहिला २७५, दुसरा ३७५, तिसरा २७६, चौथा २२५, पाचवा १८०, सहावा ४९७, सातवा २१०, आठवा २७१, नववा ५३५, दहावा ३३५, अकरावा ७०८, बारावा २४७, तेरावा ११७०, चौदावा ४१५, पंधरावा ५९९, सोळावा ४७३, सतरावा ४३३, अठरावा १८१०. या आकड्यांची बेरीज ९०३४ होते, पण परंपरेने एकूण ९०३३ धरतात.

*सात दिवसांसाठी*

- पहिला दिवस: अध्याय १ ते ५ (१३३१)
- दुसरा: ६ ते ९ (१५१३)
- तिसरा: १० ते १२ (१२९०)
- चौथा: १३ (११७०)
- पाचवा: १४ ते १६ (१४८७)
- सहावा: १७, आणि १८ मधल्या साधारण ८०० ओव्या
- सातवा: उरलेला १८ (सुमारे १०१०)

दुसरा आणि पाचवा दिवस जड आहेत. त्या दोन दिवशी सकाळी अर्धा-पाऊण तास लवकर बसा, किंवा वाचन सकाळ-संध्याकाळ असं दोन बैठकांत करा. सातवा दिवस मुद्दाम हलका ठेवला आहे, कारण त्या दिवशी नैवेद्याचा स्वयंपाक, पूजा आणि येणारी माणसं असतात. अठरावा अध्याय अखंडच वाचायचा असा घरचा रिवाज असेल तर सातव्या दिवशी पाच तासांची तयारी ठेवा आणि स्वयंपाकाची जबाबदारी दुसऱ्यावर सोपवा. दोन्ही कामं एकाच माणसाने अंगावर घेतली की शेवटच्या तीनशे ओव्या अक्षरशः पळवल्या जातात.

*नऊ दिवसांसाठी*

- पहिला दिवस: १ ते ३
- दुसरा: ४ ते ६
- तिसरा: ७ ते ९
- चौथा: १० आणि ११
- पाचवा: १२, आणि १३ मधल्या साधारण ६०० ओव्या
- सहावा: उरलेला १३, आणि १४
- सातवा: १५ आणि १६
- आठवा: १७, आणि १८ मधल्या साधारण ७००
- नववा: उरलेला १८

रोज ८५० ते ११५० ओव्या पडतात. नोकरदार माणसाला पहिल्या पारायणासाठी आम्ही हीच वाटणी सुचवू.

*रोज एक अध्याय, अठरा दिवस.* ही वाटणी दिसायला सोपी, पण सर्वांत फसवी. पाचव्या दिवशी अर्ध्या तासात उठता, तेराव्या दिवशी तीन तास लागतात आणि अठराव्या दिवशी पाच. अठराच दिवस हवे असतील तर रोज ५०० ओव्या धरा, अध्याय कुठे संपतो ते पाहू नका.

*महिना आणि वर्ष.* रोज ३०० ओव्यांनी महिन्याभरात, आणि रोज २५ ओव्यांनी वर्षभरात ग्रंथ पूर्ण होतो. पंचवीस ओव्यांना पाच मिनिटं लागतात. सप्ताह झेपत नाही म्हणून ग्रंथ फडताळात ठेवून देण्यापेक्षा सकाळची देवपूजा झाल्यावर ही पाच मिनिटं शतपटीने बरी.

> खबरदारी: अध्याय मध्ये तोडताना मनाला येईल त्या ओवीवर थांबू नका. ठरलेल्या आकड्याच्या आसपास गीतेचा पुढचा श्लोक कुठे छापला आहे ते पाहा आणि त्याच्या आधीच्या ओवीवर थांबा. म्हणजे एका श्लोकावरचं विवेचन एकाच बैठकीत पुरं होतं. ही जागा पारायणाआधीच पेन्सिलीने हलकी खूण करून ठेवा. त्या क्षणी शोधायला गेलं की लक्ष उडतं.

समाप्ती एखाद्या तिथीला साधायची असेल, उदाहरणार्थ माउलींच्या संजीवन समाधीच्या दिवशी, कार्तिक वद्य त्रयोदशीला, तर तिथीवरून तिथी मागे मोजू नका. क्षय किंवा वृद्धी आली की एक दिवस इकडचा तिकडे होतो. समाप्तीची इंग्रजी तारीख पंचांगात पाहा आणि तिथून दिवस मागे मोजा.

४. जागा आणि मांडणी

आदल्या संध्याकाळी करून ठेवा. लागणारं सामान थोडंच आहे: चौरंग किंवा पाट, त्यावर स्वच्छ वस्त्र, ग्रंथासाठी व्यासपीठ (लाकडी घडीचं असलं तरी चालतं), माउलींची तसबीर, समई किंवा निरांजन, गंध, अक्षता, बुक्का, फुलं, तुळस, बसायला आसन.

उजेड डाव्या बाजूने किंवा वरून यावा. समईच्या उजेडात ९०३३ ओव्या वाचणं डोळ्यांना झेपत नाही, दिवा लावायचा तो देवासाठी. समई ग्रंथापासून हातभर लांब आणि पंख्याच्या झोतात येणार नाही अशी ठेवा. उदबत्तीचं घर खाली जमिनीवर ठेवा, ग्रंथाच्या मागे कधीच नको, कारण राख पानांत जाते. पाण्याचं भांडं आपल्या बाजूला जमिनीवर ठेवा, चौरंगावर नाही.

ग्रंथपूजेतली नेहमीची चूक म्हणजे ओलं गंध आणि हळदकुंकू थेट पानावर लावणं. हळदीचा डाग कायमचा राहतो आणि ओल्या फुलाखाली शाई पसरते. गंधाचं बोट वेष्टनाला लावा, अक्षता आणि फूल मिटलेल्या ग्रंथावर वाहा आणि वाचन सुरू करण्याआधी ते उचलून तसबिरीपाशी ठेवा.

जमिनीवर मांडी घालून तीन तास बसणं ज्यांना शक्य नाही त्यांनी खुर्चीवर बसावं आणि ग्रंथ टेबलावर, छातीच्या उंचीला ठेवावा. मान खाली घालून वाचलं की तासाभरात आवाज बसतो. गुडघे दुखत असताना हट्टाने खाली बसणाऱ्याचं सारं लक्ष गुडघ्याकडे जातं.

५. आदल्या रात्रीची वीस मिनिटं

सगळ्यात जास्त गाळली जाणारी पायरी हीच. उद्याच्या भागात काय आहे ते सार्थ प्रतीतून वरवर चाळा. प्रत्येक ओवीचा अर्थ लावत बसू नका, फक्त विषय कळू दे. तेरावा अध्याय एवढा मोठा का, हे आधी माहीत असलं तर तो जड जात नाही: गीतेत अमानित्व, अदंभित्व, अहिंसा, क्षांती, आर्जव ही ज्ञानाची लक्षणं एकेका शब्दात येतात आणि माउली ती एकेक करून उलगडतात. एकट्या अहिंसेवर शंभराहून अधिक ओव्या आहेत. हे ठाऊक नसलेला वाचक मध्येच विचारात पडतो की आपण नेमकं कुठे आहोत.

चाळताना काही शब्दांची ओळख करून घ्या, कारण ते पानोपानी भेटतात: *येर* म्हणजे दुसरा, इतर, *आन* म्हणजे वेगळं, *आथी* म्हणजे आहे, *नोहे* म्हणजे नव्हे, *कां* बऱ्याचदा 'किंवा' या अर्थी, *तंव* म्हणजे तोवर, तेव्हा, *पढिये* म्हणजे आवडतो. एवढ्यावरही निम्मा अडसर दूर होतो.

६. पहिल्या दिवसाचा क्रम

१) स्नान, घरची देवपूजा, समई.
२) आचमन करून संकल्प. दिवस, वेळ आणि हेतू मनाशी स्पष्ट मराठीत सांगितला तरी पुरे. झेपेल तेवढंच बोला. "रोज पहाटे चारला" असं आवेशात म्हणून तिसऱ्या दिवशी सहाला उठण्यापेक्षा आधीच सहा म्हणा.
३) गणपती, कुलदैवत, गुरू यांचं स्मरण.
४) ग्रंथपूजा: गंध, अक्षता, बुक्का, फूल, तुळस, धूप, दीप, आणि खडीसाखरेचा किंवा दुधाचा नैवेद्य.
५) ग्रंथ उघडून वाचनाला सुरुवात.

दुसऱ्या दिवसापासून संकल्प पुन्हा नको. दिवा, नमस्कार, फूल, आणि वाचन.

> तपासा: फोन दुसऱ्या खोलीत ठेवला? फोनवरूनच वाचणार असाल तर विमान मोड चालू केला, स्क्रीन आपोआप बंद होण्याची सोय काढली, चार्जर जवळ ठेवला?

७. प्रत्यक्ष वाचन

ज्ञानेश्वरीच्या ओवीला चार चरण. पहिल्या तिघांचं यमक जुळतं, चौथा आखूड असतो. पहिलीच ओवी घ्या:

ॐ नमो जी आद्या । वेद प्रतिपाद्या ।
जय जय स्वसंवेद्या । आत्मरूपा ॥

प्रत्येक दंडावर किंचित थांबायचं, चौथ्या चरणानंतर श्वास घ्यायचा. श्वास तिसऱ्या चरणानंतर घेतला तर आखूड चरण पुढच्या ओवीला चिकटतो आणि अर्थ तुटतो. घाईत वाचणाऱ्यांचं हेच होतं. उलट काही जण दर चरणाला मोठा विराम देतात. त्यांचा वेळ दीडपट होतो आणि वाक्य चार तुकड्यांत फुटतं.

उच्चारात तीन चुका वारंवार कानावर येतात. एक, *तेणें, ऐसें, आतां* यांतल्या अनुस्वाराचा ठळक 'म्' करणं. तिथे स्वर नुसता नाकातून हलका काढायचा. दोन, नकळत आजची मराठी बोलणं. *म्हणौनि*चं 'म्हणून' केलं की मात्रा घटते आणि चरण लंगडतो. तीन, *पैं, गा, जी* असे छोटे शब्द गिळणं. त्यांच्यावर ओवीचा तोल असतो.

गीतेचे श्लोकही म्हणायचे आणि अध्यायाच्या शेवटी छापलेलं "इति श्री..." हेही वाचायचं. संस्कृत जड जात असेल तर श्लोक संथ म्हणा, पण गाळू नका. श्लोक गेला की पुढच्या ओव्या कशावर बोलत आहेत तेच कळत नाही.

साधारण ३०० ओव्यांनंतर, श्लोकाच्या सांध्यावर, पाच मिनिटं उठा. पाठ सरळ करा, कोमट पाणी प्या. वाचताना गार पाणी, ताक, दही टाळा. आवाज बसायला लागला तर तोंडात खडीसाखरेचा बारीक खडा किंवा लवंग धरा, आणि आवाज चढवण्याऐवजी उतरवा. उपास करायलाच हवा असं नाही. पोट हलकं असावं एवढंच, उपाशीपोटी तीन तास मोठ्याने वाचलं तर चक्कर येते.

बैठक संपली की थांबलेल्या ओवीचा क्रमांक वहीत लिहा आणि ग्रंथात दोरा किंवा मोरपीस ठेवा. पानाचा कोपरा दुमडू नका. त्याच वहीत त्या दिवसाची एक ओवी उतरवून काढा, जी मनात अडकली असेल ती, आणि दिवसभर कामात असताना तिच्याकडे परत परत जा. अदंभित्वावरची ओवी निवडली असेल तर त्या दिवशी आपण किती वेळा स्वतःची फुशारकी मारली ते आपोआप दिसतं. सात दिवसांच्या सात ओव्या पारायणानंतरही हाताशी राहतात.

८. घरचे आणि लांबचे मिळून वाचणार असाल तर

अठरा जणांनी एका दिवसात ग्रंथ पुरा करायची पद्धत आता बरीच रुळली आहे. पुण्या-मुंबईचे, गोव्याचे, परदेशातले नातेवाईक फोनवरच्या गटात अध्याय वाटून घेतात. एकेकाला एकेक अध्याय दिला की कुणी अर्ध्या तासात मोकळं होतं आणि अठरावा आलेली काकू रात्री अकरापर्यंत वाचत बसते. त्याऐवजी अठरा वाटे असे करा:

१+३, २, ४+५, ६, ७+८, ९, १०+१२, ११, तेराव्याचे दोन, १४, १५, १६, १७, अठराव्याचे चार.

सर्वांत लहान वाटा ३७५ ओव्यांचा, सर्वांत मोठा ७०८ चा. अकरावा सराव असलेल्याला द्या.

व्हिडिओ कॉलवर सगळ्यांनी एकसुरात वाचायचा प्रयत्न करू नका. आवाज मागेपुढे पोचतो आणि दहा ओव्यांत गोंधळ होतो. एकाने वाचावं, बाकीच्यांनी आपला माइक बंद ठेवून त्याच्याबरोबर ओठांनी वाचावं. समोरासमोर बसून वाचणार असाल तर सप्ताहात जसा व्यासपीठचालक असतो तसा एक जण नेमा. वेग त्याचा, बाकीचे त्याच्या मागे. कुणाचा सूर चांगला आहे यापेक्षा कुणाचा वेग स्थिर आहे हे पाहून तो निवडा.

९. मध्ये खंड पडला तर

एक दिवस चुकला तर ते वाचन पुढच्या दोन दिवसांत अर्धं-अर्धं वाटून घ्या, एकाच दिवशी दुप्पट वाचू नका. आजारपण आलं तर घरातल्या दुसऱ्याने तिथून पुढे वाचावं. सोयर-सुतक आलं तर बहुतेक घरांत वाचन थांबवून शुद्धीनंतर पुढे चालू करतात. काय करायचं ते संकल्पाआधीच ठरलेलं असावं, ऐनवेळी वाद नको. मासिक पाळीत वाचायचं की नाही हा त्या बाईचा निर्णय आहे. घरातल्यांनी तो तिच्यावर लादू नये, आणि थांबायचं असेल तर तेवढे दिवस धरूनच आखणी करावी.

खंड पडला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करू नका. बरीच पारायणं या पुन्हा-पहिल्यापासूनच्या आग्रहाने कायमची सुटतात.

१०. समाप्ती

इथली चूक जवळजवळ सार्वत्रिक आहे. पसायदान आलं की हात जोडले जातात, गळा दाटतो आणि ग्रंथ मिटला जातो. पण पसायदानाच्या नऊ ओव्यांनंतर अठराव्या अध्यायाच्या आणखी सुमारे आठ ओव्या आहेत. शके १२१२ चा आणि लेखनिक सच्चिदानंदबाबांचा उल्लेख असलेली ओवी आली म्हणजे ग्रंथ पुरा झाला. अनेक प्रतींत त्यापुढे एकनाथ महाराजांच्या, शके १५०६ मध्ये ग्रंथ शुद्ध केल्याच्या ओव्या छापलेल्या असतात. त्याही वाचाव्यात.

मग क्रम असा:

१) ग्रंथ मिटून फूल, तुळस, बुक्का.
२) नैवेद्य. पुरणपोळी, शिरा, खीर, घरच्या पद्धतीने काहीही, त्यावर तुळशीपान.
३) ज्ञानराजाची आरती.
४) सगळ्यांनी उभं राहून पसायदान. वाचनात ते येऊन गेलेलं असलं तरी इथे पुन्हा, एकत्र, संथ.
५) प्रसाद. आधी वाचणाऱ्याला नव्हे, आलेल्यांना.

ग्रंथ त्याच दिवशी वेष्टनात बांधून वर ठेवून देऊ नका. समई शांत झाली की पानांत अडकलेल्या अक्षता आणि फुलांच्या पाकळ्या झटकून काढा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात तिथे कसर लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथ पुन्हा चौरंगावर ठेवा आणि पहिल्या अध्यायाच्या २५ ओव्या वाचा.